मिशनची शाळा आणि आपले स्वत्व

पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, आपटे मागे पडल्यावर आणि पेण येण्याच्या आधी, जिते नावाचे एक लहानसे स्टेशन लागते. गेल्या दिवाळीच्या सुटीत तेथील एका आप्तांच्या घरी दोन दिवस राहण्याचा योग आला. रात्री जेवणे आटोपल्यावर अंगणात बसलो असता घरातील नातवाच्या शाळेची गोष्ट निघाली. त्याला शहरातील एका मिशनच्या शाळेत घालावे, असे सुनेचे म्हणणे. तेथे शिस्त आहे, इंग्रजी चांगले होते, हे तिचे कारण. घरातील वडील काकांस हे मुळीच मान्य नव्हते. "तिथे घातला म्हणजे पोरगा आपला राहायचा नाही," असे ते म्हणाले आणि माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, "तू एवढा प्रोफेसर, तूच सांग काय ते." मी त्या वेळी दोन्ही बाजूंस बरे वाटेल असे काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण ते उत्तर माझे मलाच रुचले नाही. काकांची शंका आजची नव्हे. ती दीडशे-पावणेदोनशे वर्षांची जुनी आहे, आणि तिच्या पोटात आपल्या राष्ट्रीयत्वाच्या इतिहासाचा एक मोठा भाग दडलेला आहे. तो भाग उलगडून पाहिल्यावाचून काकांस खरे उत्तर देता यावयाचे नाही.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. महाराष्ट्रातील राष्ट्रीय भावना मिशनऱ्यांनी निर्माण केली असे म्हणणे म्हणजे अतिशयोक्ती होय. दादाभाई नौरोजी व न्यायमूर्ती रानडे हे एल्फिन्स्टन संस्थेत शिकले, आणि ती संस्था मिशनची नव्हती. शिवाय मराठी राज्याची आठवण अजून ताजी होती. परंतु सरकारी शाळेने धर्माविषयी मौन पाळले, तर मिशनच्या शाळेने तोच विषय हाती धरला. "तुम्ही कोण? तुम्ही हे का मानता? याला आधार काय?" असे प्रश्न तिने आमच्या मुलांस उघड्या वर्गात विचारले. ज्या समाजाने आपल्या चालीरीतींचे समर्थन परक्यापुढे करण्याचा प्रसंग क्वचितच पाहिला होता, त्याला प्रथमच उत्तर देणे भाग पडले. उत्तर द्यावयाचे म्हणजे 'आम्ही' कोण हे आधी ठरवावे लागते. आपल्या अर्वाचीन स्वत्वाच्या जाणिवेचा एक उगम येथे आहे.

अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल व त्याचे सोबती हे १८१३ साली मुंबईस पोहोचले, आणि दोन वर्षांतच त्यांची शाळा सुरू झाली. स्कॉटिश मिशनऱ्यांनी १८२३ साली प्रथम पाय रोवले ते मुंबईत नव्हे, तर कोकणात, बाणकोट येथे. सावित्रीच्या खाडीच्या दक्षिण तीरावरील बाणकोट आणि उत्तर तीरावरील आजचा रायगड जिल्हा यांमध्ये केवळ एक तर आहे. बाणकोट व हर्णै या भागांत त्यांनी गावोगावी मराठी शाळा काढल्या. १८२९ साली आलेला जॉन विल्सन हाही मराठी शिकण्यासाठी प्रथम हर्णैस जाऊन राहिला, आणि मग मुंबईस परतून त्याने १८३२ साली ती शाळा काढली, जिचे पुढे विल्सन कॉलेज झाले. या लोकांचा हेतू स्वच्छ होता. त्यांनी तो कधी लपविला नाही. मुलगा वाचावयास शिकला की तो बायबल वाचील, आणि बायबल वाचले की तो ख्रिस्ती होईल, असा त्यांचा हिशेब होता. हिशेबाचा पहिला भाग खरा ठरला. मुले वाचावयास शिकली. दुसरा भाग मात्र फार थोड्यांच्या बाबतीत खरा झाला, आणि उरलेल्यांनी त्या वाचनाचे काय केले, हाच आपल्या विवेचनाचा विषय आहे.

मिशनऱ्यांनी आपल्याबरोबर तीन साधने आणली : छापखाना, शाळा आणि जाहीर वादविवाद. तिन्ही साधने अल्पावधीत आमच्या लोकांनी आपलीशी केली. मिशनच्या छापखान्याचे काम पाहून गणपत कृष्णाजी यांनी स्वतःचा छापखाना उभारला आणि १८३१ साली त्यावर पंचांग छापून काढले. ज्या यंत्रावर मूर्तिपूजेच्या खंडनाच्या पुस्तिका निघत होत्या, तसल्याच यंत्रावर आता तिथी, वार, नक्षत्रे छापली जाऊ लागली. त्याच सुमारास विल्सनशी मुंबईत मोरभट दांडेकरांचा जाहीर वाद झाला, आणि उभय पक्षांनी आपापली मते छापून प्रसिद्ध केली. धर्माचा निर्णय शास्त्रीमंडळींच्या सभेतून निघून बाजारात आला, तो असा.

शाळेच्या बाबतीत प्रकरण अधिक कडू झाले. १८३९ साली विल्सनच्या शाळेतील पारशी विद्यार्थ्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा पारशी समाज खवळून उठला आणि बहुतेक पारशी मुले शाळेतून काढून घेण्यात आली. १८४३ साली नारायण शेषाद्री परळीकर हा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला. त्याचा अल्पवयीन धाकटा भाऊ श्रीपत हा मिशनऱ्यांकडेच राहत होता. बापाने न्यायालयात धाव घेतली आणि मुलगा परत मिळविला. परंतु मुलगा परत आला तरी जात त्याला परत घेईना. परक्यांच्या घरी जेवलेल्या पोरास प्रायश्चित्त देऊन घ्यावे, असा पक्ष 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांनी हिरिरीने मांडला, आणि त्यावरून मुंबईच्या हिंदू समाजात मोठी दुफळी माजली. हा प्रसंग मला फार अर्थपूर्ण वाटतो. मिशनरी बाहेरून दारावर थाप मारीत होता खरा. पण दार आतूनच बंद होते, हे त्या वेळी प्रथम ध्यानात आले. जो समाज आपल्या एका अजाण मुलास परत घरात घेऊ शकत नाही, त्याला 'समाज' तरी कसे म्हणावे, असा प्रश्न विचारी लोकांपुढे उभा राहिला.

तिसरे साधन जे वादविवाद, त्याचा सर्वांत मोठा पटाईत आमच्याच जिल्ह्याने दिला. विष्णुबुवा ब्रह्मचारी यांचे मूळ नाव विष्णू भिकाजी गोखले. माणगाव तालुक्यातील शिरवली येथे १८२५ साली त्यांचा जन्म झाला. त्यांना इंग्रजी येत नव्हते. मिशनच्या शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. काही काळ जकात खात्यात नोकरी करून ते सप्तशृंगीस तपश्चर्येला गेले, आणि पुढे उपदेश करीत मुंबईस आले. १८५७ सालच्या पूर्वार्धात मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांनी मिशनऱ्यांशी जाहीर वाद केले. वाळूवर लोकांची गर्दी जमे, एकीकडे पाद्री, दुसरीकडे बुवा. जॉर्ज बोएन या अमेरिकन मिशनऱ्याने त्या वादांचा वृत्तांत त्याच वर्षी इंग्रजीत पुस्तकरूपाने छापला. बुवांच्या विचारांत प्रतिपक्षाची छाया किती पडली होती, हे पाहण्यासारखे आहे. एक देव, एक प्रमाणग्रंथ, सर्वांस समजेल अशा मराठीत उपदेश, ही त्यांची भूमिका पाद्र्यांच्या आक्रमणास उत्तर देता देताच कणखर झाली. १८५९ साली त्यांनी 'वेदोक्त धर्मप्रकाश' लिहिला, आणि १८६७ साली 'सुखदायक राज्यप्रकरणी निबंध'. या दुसऱ्या पुस्तकात सर्व प्रजा एक कुटुंब, जमीन व धान्य सर्वांचे सामाईक, अशी राज्याची कल्पना त्यांनी मांडली. परधर्मीयांस उत्तर देण्यासाठी निघालेला पुरुष दहा वर्षांत राज्य कसे असावे या प्रश्नापर्यंत येऊन पोहोचला. धर्मरक्षणातून राज्यविचार निघाला, याचे इतके स्पष्ट उदाहरण त्या काळात दुसरे सापडणे कठीण.

आता दुसरी धारा पाहू. जोतीराव फुले यांनी १८४१ ते १८४७ या काळात पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिक्षण घेतले. टॉमस पेन यांचा मनुष्यमात्राच्या हक्कांवरील ग्रंथ त्यांनी तरुणपणीच वाचला. गंमत अशी की पेन हा बायबलावर कठोर टीका करणारा ग्रंथकार. अर्थात मिशनऱ्यांच्या विद्यार्थ्याने मिशनऱ्यांस न मानवणारा गुरू केला. अहमदनगरच्या मिस फेरार यांची मुलींची शाळा पाहून जोतीराव प्रभावित झाले आणि १८४८ साली पुण्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. १८५५ सालच्या 'तृतीय रत्न' या त्यांच्या नाटकात पाद्र्याचे पात्र आहे व ते शेतकऱ्यास भटाची लबाडी समजावून सांगते. परंतु जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. पाद्र्याचा प्रश्न त्यांनी घेतला, त्याचे उत्तर घेतले नाही. १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक त्यांनी गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांस अर्पण केले, आणि त्याच वर्षी सत्यशोधक समाज स्थापन केला. १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन करताना, वरच्या वर्गांस शिकविले की विद्या आपोआप खाली झिरपेल, हे सरकारचे धोरण त्यांनी खोडून काढले, आणि बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. राष्ट्राविषयी बोलताना ते 'एकमय लोक' असे शब्द योजीत. जातींनी चिरफाळलेले लोक एकमय नाहीत, म्हणून ते अजून राष्ट्र नाहीत, हा त्यांचा कोटिक्रम होता.

याच्या अगदी उलट टोकास विष्णुशास्त्री चिपळूणकर. १८७४ साली सुरू झालेल्या 'निबंधमाले'तून त्यांनी मिशनऱ्यांवर व त्यांच्या देशी चाहत्यांवर झोड उठविली, आणि जोतीरावांच्या पुस्तकांचा तर निर्दय उपहास केला. पण शास्त्रीबोवा केवळ लिहून थांबले नाहीत. सरकारी नोकरी सोडून त्यांनी १ जानेवारी १८८० रोजी टिळक प्रभृतींच्या साह्याने पुण्यात शाळा काढली. तिचे नाव 'न्यू इंग्लिश स्कूल'. स्वत्वाच्या रक्षणार्थ निघालेल्या शाळेचे नाव इंग्रजी, विषय बहुतेक तेच, परीक्षाही तीच! बदलला तो शिकविणारा आणि त्याचा हेतू. अल्प वेतनावर, एका ध्येयासाठी आयुष्य वाहून घेणारा शिक्षक हा नमुना आमच्या लोकांनी पाहिला होता तो मिशनऱ्यांत. आता तोच नमुना देशकार्यासाठी उभा राहिला. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज ही त्याचीच फळे. प्रतिस्पर्ध्याला जिंकावयाचे तर त्याचे शस्त्र नीट हाताळता आले पाहिजे, हे या मंडळींनी ओळखले होते.

या दोन धारांच्या मध्ये एक तिसरा वर्ग आहे, त्याचा आपणांस नेहमी विसर पडतो. जे ख्रिस्ती झाले, ते आपले राहिले नाहीत काय? बाबा पदमनजी यांनी १८५७ साली, म्हणजे विष्णुबुवा वाळूवर वाद घालीत होते त्याच वर्षी, 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध करून हिंदू विधवांचे दुःख मराठी वाचकांपुढे ठेवले. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. पण त्यांची कविता मराठी राहिली, त्यांनी भजन-कीर्तनाची चाल सोडली नाही, आणि त्यांची देशभक्ती कोणाही हिंदूहून उणी नव्हती. उलट जे ख्रिस्ती झाले नाहीत त्यांची अवस्था पाहा. १८९० साली पुण्यात पंच हौद मिशनमध्ये रानडे, लोकमान्य टिळक, गोखले आदी मंडळी व्याख्यानास गेली असता त्यांच्यापुढे चहा-बिस्किटे आली. एवढ्यावरून ग्रामण्य माजले व प्रायश्चित्तापर्यंत पाळी आली. स्वत्वाची हद्द चहाच्या पेल्यापाशी येऊन ठेपली होती.

हा सारा प्रकार आपल्यापुरताच होता असे मात्र नाही. ज्या अमेरिकन मंडळाने गॉर्डन हॉल यास मुंबईस पाठविले, त्याच मंडळाचे मिशनरी १८३५ साली दक्षिण आफ्रिकेत नाताळ येथे गेले. त्यांच्या इनांडा येथील ठाण्यात १८७१ साली जॉन डुबे या झुलू मुलाचा जन्म झाला. मिशनच्या शाळेत व पुढे अमेरिकेत शिकून तो परतला. १९०१ साली त्याने ओहलांगे येथे आपल्या लोकांची स्वतंत्र शाळा काढली, १९०३ साली झुलू भाषेत वृत्तपत्र काढले, आणि १९१२ साली स्थापन झालेल्या, पुढे आफ्रिकन नॅशनल काँग्रेस म्हणून जगास ठाऊक झालेल्या संस्थेचा तो पहिला अध्यक्ष झाला. शाळा, वृत्तपत्र, राष्ट्रसभा! हा क्रम पुण्याच्या वाचकास ओळखीचा वाटल्यावाचून राहणार नाही. गांधीजींची फिनिक्स वसाहत तेथून जवळच होती. १९१२ सालच्या आफ्रिकेच्या दौऱ्यात गोपाळ कृष्ण गोखले यांनी ओहलांगेस भेट दिली. मिशनच्या शाळेस उत्तर म्हणून निघालेल्या संस्थेत ज्यांनी उमेदीची वर्षे शिकविले ते गोखले, आणि मिशनच्या शाळेतच वाढून आपली निराळी शाळा काढणारे डुबे, या दोघांची ती भेट मला आपल्या इतिहासाचेच एक पान वाटते.

परंतु आफ्रिकेचे दुसरे एक उदाहरण अधिक उद्बोधक आहे, कारण त्यात या मार्गावरील धोका दिसतो. केनियात नैरोबीजवळ थोगोटो येथे स्कॉटिश मिशनची शाळा होती. 'स्कॉट' या शब्दाचाच तो किकुयू अपभ्रंश, असे सांगतात. १९०९ साली तेथे दाखल झालेला एक मुलगा पुढे जोमो केन्याटा या नावाने स्वतंत्र केनियाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. १९२९ साली स्कॉटिश व इतर मिशनऱ्यांनी किकुयू मुलींच्या सुंतेच्या चालीविरुद्ध मोहीम उघडली आणि ती चाल सोडल्याची शपथ मागितली. हजारो किकुयू लोक मिशनमधून बाहेर पडले व त्यांनी आपल्या स्वतंत्र शाळा काढल्या. त्या शाळांतही इंग्रजी होते, बायबलही होते. पण त्या त्यांच्या होत्या. येथवर सारे न्यू इंग्लिश स्कूलसारखेच. पण ज्या चालीसाठी हे घडले ती मुलींच्या देहास आयुष्यभर पीडा देणारी होती. केन्याटांनी १९३८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात तिचे समर्थन केले. परक्याने ती वाईट म्हटली, एवढ्यामुळे ती स्वत्वाचे निशाण झाली.

आपल्याकडे याहून निराळे घडले काय? १८९१ साली संमतिवयाचा कायदा आला. मुलींचे संमतिवय दहावरून बारा करावे, एवढीच त्यातील मागणी. तरीही परकीय सरकारने आमच्या घरात हात घालू नये, या भूमिकेवरून टिळकांसारख्या बुद्धिमंताने त्यास विरोध केला. त्या भूमिकेत तथ्य नव्हते असे नाही. पारतंत्र्यात सुधारणा ही परक्याच्या हातचे दान ठरते, आणि दान घेणाऱ्याचा कणा वाकतो. पण जिच्यासाठी कायदा होता त्या दहा वर्षांच्या पोरीला या वादात कोणी विचारले नाही. तिच्या दुःखापेक्षा आमचा अभिमान मोठा ठरला.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. उत्तर म्हणून जन्मास आलेले स्वत्व बळकट असते, पण त्याची नजर नेहमी प्रश्न विचारणाऱ्यावर खिळलेली असते. तो काय म्हणतो यावर आपण काय मानावयाचे हे ठरते. मग त्याने ज्याची निंदा केली त्याचा गौरव करावयाचा, हा सोपा मार्ग उरतो. जोतीरावांनी दुसरा मार्ग दाखविला. परक्याच्या तोंडून आलेला प्रश्न त्यांनी परक्याचा म्हणून टाकून दिला नाही. तो खरा आहे की नाही एवढेच पाहिले, आणि खरा वाटला तेव्हा तो आपलाच केला. मिशनऱ्यांच्या हेतूंवर त्यांनी प्रसंगी गरजेहून अधिक विश्वास टाकला असेल. पण 'आम्ही' या शब्दात कोण कोण येते, हा प्रश्न त्यांनी विचारला, आणि चिपळूणकरांच्या तेजस्वी लेखणीने तो विचारला नाही. उलट, चिपळूणकरांनी दिलेला आत्मविश्वास नसता तर परकी सत्तेशी झुंजण्यास माणसे उभी राहिली असती की नाही, याचीही मला शंका आहे. दोघांची जरूर होती. दुर्दैव एवढेच की दोघे एकमेकांचे शत्रू झाले, आणि ते वैर आपण अजून चालवीत आहोत.

जित्याच्या काकांस आता मी पत्र लिहिणार आहे. नातू मिशनच्या शाळेत गेल्याने परका होईल ही भीती इतिहास खरी ठरवीत नाही. त्या शाळेतून जोतीराव निघाले, आणि केन्याटाही निघाले. पाद्र्यास हरविण्यास सिद्ध झालेले विष्णुबुवा आपल्याच जिल्ह्यातील एका खेड्यातून, मराठी शिकून निघाले. नातवाने कोणत्या शाळेत जावे हे त्याच्या आईबापांनी ठरवावे. घरातील वडीलधाऱ्यांचे काम निराळे आहे. शाळेतून येऊन तो एखाद्या संध्याकाळी विचारील, की आपल्या पंक्तीला अमुक लोक का बसत नाहीत, किंवा आजीला वाचावयास का शिकविले नाही. तेव्हा "हे तुला त्या शाळेने शिकविले" असे म्हणून त्याला गप्प बसवू नये. प्रश्न खरा असेल तर त्याला शेजारी बसवून खरे उत्तर द्यावे. ते उत्तर देता आले तर पोरगा आपलाच राहील.